वादापासून दरबारापर्यंत : रेव्हरंड ना. वा. टिळक आणि ख्रिस्ती संवादाचा प्रश्न

उत्तर-आधुनिक समाजात ख्रिस्ती मंडळीने लोकांपर्यंत कसे पोहोचावे, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील धर्मचिंतनात ऐरणीवर आला. ल्योतार या फ्रेंच विचारवंताने 1979 मध्ये महाकथनांविषयीचा अविश्वास हे उत्तर-आधुनिक अवस्थेचे लक्षण सांगितले. सर्वांना एकाच सत्याच्या छत्राखाली आणू पाहणाऱ्या कथनावर आणि ते कथन सांगणाऱ्या संस्थेवर श्रोत्याचा विश्वास उरला नसेल, तर धर्मसंस्थेने बोलावे कसे, असा हा पेच आहे. सिद्धान्तापेक्षा कथेला, वादापेक्षा सहवासाला आणि संस्थेपेक्षा जगलेल्या जीवनाला महत्त्व द्यावे, अशी उत्तरे त्यावर सुचविण्यात आली. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही उत्तरे सर्वस्वी नवी वाटण्याचे कारण नाही. नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात 1895 ते 1919 या काळात ती एकामागून एक कसोटीला लागलेली दिसतात. टिळकांना उत्तर-आधुनिक ठरविणे अर्थातच अनैतिहासिक होईल. ख्रिस्त हेच अंतिम सत्य, ही त्यांची श्रद्धा अविचल होती. परंतु संस्थेविषयीच्या अविश्वासाशी त्यांची गाठ पडली होती, आणि तो अविश्वास वादाने दूर होत नाही हे त्यांना स्वानुभवाने उमगले होते.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव कडक शिस्तीचे. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. आई लवकर वारल्यानंतर घर सोडलेला हा मुलगा नाशिकला आला. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. पुढील दशक अस्थिरतेचे होते. नोकऱ्या धरणे-सोडणे, गावोगाव भटकणे, कीर्तने-व्याख्याने करणे असा क्रम चालू होता. 1891 च्या सुमारास ते नागपूरला स्थिरावले आणि आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या संपादनात गुंतले. ‘ऋषि’ हे धर्मविषयक नियतकालिकही त्यांनी याच काळात चालविले. जातिभेदाने देश दुबळा झाला आहे, त्याला सर्वांस एकत्र बांधणारा धर्म हवा, हा विचार त्यांच्या मनात पक्का होत होता. त्यांच्या धर्मांतराच्या मुळाशी राष्ट्रचिंतनाचा हा धागा आहे, हे ध्यानात ठेवावे लागते.

1893 मध्ये नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक अनोळखी युरोपीय प्रवासी भेटला. टिळकांच्या चरित्रात हा प्रसंग नेहमी सांगितला जातो. पण त्यातील संभाषणाचा क्रम अधिक लक्षणीय आहे. त्या गृहस्थाने प्रथम आस्थेने संस्कृत काव्याचा विषय काढला आणि नवा करार हाती दिला तो नंतर. ऐकणाऱ्याजवळ आधीच काही मोलाचे आहे, हे त्यात गृहीत होते. गिरिप्रवचनाने टिळकांच्या मनाचा ताबा घेतला आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. पतीच्या धर्मांतराने त्यांच्यावर आभाळ कोसळले. सुमारे पाच वर्षे पती-पत्नी विभक्त राहिले. टिळकांचा अधीर स्वभाव आणि वाक्पटुत्व यांचा येथे फारसा उपयोग झाला नाही. पुढे लक्ष्मीबाई अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) परतल्या, त्या जुने आचार पाळीतच. जातीच्या सोवळ्याओवळ्याचा गुंता त्यांनी स्वतःच, आपल्या गतीने आणि आपल्या तर्काने सोडविला. 1900 मध्ये त्यांचा आणि मुलगा दत्तू याचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना ख्रिस्ताकडे नेणारी वाट ग्रंथातून आणि राष्ट्रचिंतनातून गेली होती. लक्ष्मीबाईंची वाट स्वयंपाकघरातून गेली. एकाच घरात दोन माणसे एकाच श्रद्धेपर्यंत इतक्या भिन्न मार्गांनी यावीत, ही गोष्ट टिळकांच्या उत्तरकालीन विचाराला पूरक ठरली असावी.

अहमदनगर हे अमेरिकन मराठी मिशनचे जुने केंद्र. टिळक तेथील धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवीत. 1904 मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीत तेव्हा गायिली जाणारी पुष्कळशी गीते इंग्रजी गीतांची भाषांतरे होती. चाली परक्या, अक्षरे त्या चालींत कोंबलेली, आणि त्यामुळे मराठी शब्दाचा स्वाभाविक आघात हरवलेला. टिळकांनी अभंग, ओवी, पद, भजन हे प्रकार उपासनेत आणले. ही वाट अगदीच अनवट नव्हती. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले होते; अहमदनगरातच कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली होती. टिळकांचे वेगळेपण असे की, त्यांनी संतकाव्याचा केवळ घाट उचलला नाही. तुकारामाच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो अशी त्यांची धारणा होती, आणि पूल ओलांडल्यावर तो मोडण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही. ‘अभंगांजली’तील आर्तता उसनी वाटत नाही, याचे कारण या धारणेत आहे. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचा वाटा फार मोठा आहे.

याच काळात मंडळीबाहेरच्या मराठी वाङ्मयविश्वातही टिळकांचे स्थान दृढ झाले. ‘वनवासी फूल’, ‘सुशीला’, ‘माझी भार्या’ यांसारख्या कवितांचा वाचक ख्रिस्ती नव्हता, आणि त्याने ख्रिस्ती व्हावे यासाठी त्या लिहिलेल्याही नव्हत्या. 1907 च्या जळगाव येथील कविसंमेलनात ज्यांना ‘बालकवी’ हे नाव मिळाले, ते त्र्यंबक बापूजी ठोमरे पुढे टिळकांच्या घरी राहिले. टिळक दाम्पत्याने त्यांच्यावर पुत्रवत् माया केली. ठोमरे ख्रिस्ती झाले नाहीत, आणि त्यामुळे त्या घरातील त्यांचे स्थान उणे झाले नाही. प्रचारकाच्या हिशेबाने हे अपयश म्हणता येईल. टिळकांनी मात्र तो हिशेब मांडल्याचे दिसत नाही.

1912 पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन पाहू लागले. संपादक, कवी, पाळक अशा तिहेरी भूमिकेत वावरताना भाषेने न सुटणारी एक अडचण त्यांना अधिकाधिक जाणवू लागली. मिशन अमेरिकन असले तरी सामान्य माणसाच्या लेखी ते साहेबाचेच होते. अभंग कितीही अस्सल असला, तरी तो म्हणणारा मिशनचा पगारी माणूस आहे ही गोष्ट श्रोता विसरत नसे. म्हणजे रूप देशी झाले तरी नाते परकेच राहिले होते. या निष्कर्षाचा पाठपुरावा टिळकांनी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, प्रपंच पाठीशी असताना केला. 1917 मध्ये त्यांनी मिशनची सवेतन सेवा सोडली, आपल्या परीचा संन्यास स्वीकारला आणि साताऱ्यास जाऊन ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून या दरबारात जागा होती. बाप्तिस्म्याचे महत्त्व त्यांनी नाकारले नव्हते. तथापि तो बंधुत्वाचा उंबरठा असावा, हे त्यांना मान्य राहिले नाही. मंडळीतील अनेकांना ही सैल सीमारेषा धोक्याची वाटली. त्यांची शंका अकारण नव्हती. सीमा नसलेला समाज टिकतो कसा, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

त्याचे उत्तर देण्यास टिळकांना अवधी मिळाला नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार देहाचे दफन न करता दहन करण्यात आले. संस्थापकाच्या व्यक्तित्वावर उभा असलेला दरबार त्याच्यामागे फार काळ तग धरू शकला नाही. त्याचा धागा मात्र अन्यत्र विणला गेला. टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो यांनी 1922 मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला, त्यातील आश्रमपद्धतीच्या सहजीवनावर टिळकांच्या विचारांची छाया दिसते.

टिळकांच्या प्रयोगाला एक मर्यादाही होती. अहमदनगर परिसरातील ख्रिस्ती समाज बहुसंख्येने महार आणि मांग समाजांतून आलेला होता. ज्यांनी जातिव्यवस्थेचा जाच सोसून ख्रिस्ती धर्माचा आश्रय घेतला, त्यांच्यापुढे संन्यास, आश्रम, संस्कृतप्रचुर पदावली ही संस्कृतीची खूण म्हणून ठेवणे कितपत उचित, असा आक्षेप दलित जाणिवेच्या दृष्टीने घेता येतो. जी संस्कृती आपली म्हणून मंडळीने स्वीकारावी, ती नेमकी कोणाची, हा त्यातील कळीचा मुद्दा आहे. अभंग चोखामेळ्याचाही आहे, एवढे टिळकांच्या बाजूने म्हणता येते. संन्यासाविषयी तसे सहज म्हणता येत नाही. ज्याने कधी काही मिळविलेच नाही, त्याला त्यागाचा आदर्श वेगळ्याच अर्थाने ऐकू येतो.

टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य पहिल्या काही अध्यायांपाशीच थांबले होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला, अखेरचा अध्याय पुत्र देवदत्त यांनी, आणि 1938 मध्ये ते प्रसिद्ध झाले. तथापि मराठी वाचकाने मनोमन स्वीकारले ते 1934 पासून भागशः प्रकाशित झालेले लक्ष्मीबाईंचे ‘स्मृतिचित्रे’. त्यात प्रचार नाही; पतीचा तापटपणा, विसराळूपणा, औदार्य, घरातील ओढाताण आणि स्वतःची फजिती हे सारे निर्व्याज विनोदाने आले आहे. महाकाव्याचा वाचकवर्ग मर्यादित राहिला आणि संसाराची हकीकत घरोघर वाचली गेली. एका ख्रिस्ती घराचे दार असंख्य अख्रिस्ती वाचकांसाठी उघडले, ते दरबार मोडल्यानंतर, आणि टिळकांचे शब्द जिच्यापुढे सर्वांत आधी अपुरे पडले होते तिच्या हातून.