पंडित विष्णु नारायण भातखंडे

भगिनींनो, आपल्या मंडळात पेटी शिकणाऱ्या प्रत्येकीच्या वहीत कोमल स्वराखाली आडवी रेघ आणि तीव्र मध्यमावर उभी रेघ असते. ही स्वरलिपी रूढ करणारे पंडित भातखंडे पेशाने वकील होते, हे पुष्कळजणींना ठाऊक नसेल. म्हणून त्यांच्याविषयी चार शब्द लिहीत आहे.

त्यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. विद्यार्थिदशेत ते सतार शिकले. १८८४ साली ते गायन उत्तेजक मंडळीत जाऊ लागले. तेथे गुरूंजवळ बसून त्यांनी धृपदे आणि ख्याल यांच्या शेकडो चिजा पाठ केल्या. १८८५ मध्ये ते बी. ए. आणि १८८७ मध्ये एलएल. बी. झाले. मग वकिली सुरू झाली. काही काळ ते कराचीसही होते. पण कोर्टकचेरी सांभाळून गाणे चालूच होते.

१९०० साली त्यांच्या पत्नी वारल्या, १९०३ मध्ये मुलगीही गेली. घर असे रिकामे झाल्यावर दुसरा कोणी खचला असता. पंडितजींनी वकिलीतून मन काढले आणि उरलेले आयुष्य संगीताला वाहिले.

१९०४ साली ते दक्षिणेत मद्रास, तंजावर, एट्टयपुरम् येथे गेले. पुढे उत्तर हिंदुस्थान पालथा घातला. त्या काळी उस्ताद आपल्या चिजा सहसा घराण्याबाहेर जाऊ देत नसत. पंडितजींनी आर्जवे करून त्या मिळवल्या, लिहून काढल्या आणि क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत सर्वांना खुल्या केल्या. रागांची त्यांनी दहा थाटांत मांडणी केली. काही जाणत्यांना ती आजही पटत नाही. पण नवशिक्याला पहिली पायरी तीच. १९१६ मध्ये बडोद्यास संगीत परिषद, १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला संगीत विद्यालय, ही त्यांच्या खटपटीची फळे. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीला, त्यांनी देह ठेवला.

मी सातवी शिकलेली बाई; थोरांच्या जीवनाचे मोल काय करणार? पण माझा थोरला चाकणला कंपनीत आहे. शिफ्टमुळे त्याचा तबला सुटला. आता नोकरी सोडून तबलाच वाजवीन म्हणतो. त्याच्या वडिलांना घराच्या हप्त्यांची काळजी. घरात दोन तट पडले आहेत. हे चरित्र वाचून मी मुलाला म्हटले, पंडितजींनी आधी कित्येक वर्षे कामधंदा सांभाळून गाणे केले, तू आधी सुटलेला रियाज धर. आणि त्याच्या वडिलांना म्हटले, त्या वकिलाने कोर्ट सोडले नसते तर आमच्या वह्या कोऱ्याच राहिल्या असत्या.

दोघांनाही थोडे थोडे पटले आहे. सध्या पहिल्या पाळीहून आला की चार वाजता तो तबला लावतो. शेजारच्या भगिनींनी दुपारच्या झोपेचे तेवढे सांभाळून घ्यावे, ही विनंती.