सांधणारी माती : सेरेत्से खामा

आफ्रिकेच्या दक्षिण भागात बोट्स्वाना नावाचा देश आहे. त्याला समुद्रकिनारा नाही, आणि त्याचा बराचसा प्रदेश कलहारीच्या वाळवंटाने व्यापलेला आहे. या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांचा जन्म १ जुलै १९२१ रोजी सेरोवे येथे एका राजकुळात झाला. त्यांचे वडील व आजोबा यांच्यातील वितुष्ट मिटले होते. म्हणून बाळाचे नाव ‘सेरेत्से’, म्हणजे सांधणारी माती, असे ठेवण्यात आले. हे नाव त्यांनी पुढे सार्थ केले.

सेरेत्से लहान असतानाच त्यांचे पितृछत्र हरपले. त्यांच्या वतीने चुलत्यांनी राज्यकारभार पाहिला. सेरेत्से उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला गेले व तेथे १९४८ साली त्यांनी रूथ विल्यम्स या गौरवर्णीय युवतीशी विवाह केला. शेजारच्या दक्षिण आफ्रिका देशात तेव्हा वर्णभेदाचे राज्य होते. त्या सरकारची नाराजी ओढवू नये म्हणून ब्रिटिश सरकारने सेरेत्से यांना मायदेशी राहण्यास मनाई केली. राजपदावरील हक्क सोडल्यानंतरच, १९५६ साली, त्यांना स्वदेशी परतता आले. एवढा अन्याय सोसूनही त्यांनी मनात सूडबुद्धी बाळगली नाही.

३० सप्टेंबर १९६६ रोजी देश स्वतंत्र झाला. पुढे तेथे हिऱ्यांच्या खाणी निघाल्या. ते धन सेरेत्से यांनी शाळा, दवाखाने व रस्ते यांच्या कामी लावले.

शेजाऱ्यांशी सहकार्य करणे मात्र सोपे नव्हते. बोट्स्वाना, लेसोथो व तेव्हाचे स्वाझीलँड यांचे एक सामायिक विद्यापीठ होते. १९७५ साली लेसोथो त्यातून बाहेर पडला. तेव्हा सेरेत्से यांनी प्रत्येकाने एक जनावर द्यावे, असे आवाहन केले. कोणी गाय दिली, कोणी धान्य, तर कोणी अंडी! लोकांच्या या दानातून देशाचे स्वतःचे विद्यापीठ उभे राहिले. सहकार्याचा एक धागा तुटला, तरी सेरेत्से यांचा एकीवरील विश्वास ढळला नाही.

या प्रदेशातील अनेक देशांचा माल दक्षिण आफ्रिकेच्या रेल्वेने व बंदरांतून जात असे. त्या सरकारने वाट अडविली, की व्यापार ठप्प! एकेकटा देश दुबळा होता. परंतु एकाची बंदरे, दुसऱ्याच्या खाणी व तिसऱ्याची कुरणे एकत्र आली, तर सर्वांनाच बळ येणार होते. म्हणून १ एप्रिल १९८० रोजी लुसाका येथे नऊ राष्ट्रांनी सहकार्याची संघटना स्थापन केली. सेरेत्से तिचे आद्य अध्यक्ष होते. प्रत्येक राष्ट्राने एकेक काम उचलले : मोझांबिकने दळणवळणाचे, अंगोलाने ऊर्जेचे, तर बोट्स्वानाने जनावरांच्या रोगनिवारणाचे.

सेरेत्से त्या वेळी अतिशय आजारी होते. १३ जुलै १९८० रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी लावलेले रोपटे मात्र वाढत राहिले. १९९२ साली त्या संघटनेचे विकास समुदायात रूपांतर झाले. १९९४ साली वर्णभेदाचे राज्य संपल्यावर दक्षिण आफ्रिकाही तिच्यात सामील झाली. ज्याच्या धाकामुळे शेजारी एकत्र आले होते, तोच देश आता त्यांच्या पंक्तीला बसला. सांधणारी माती आपले काम करून गेली होती.