पडद्याआडच्या पक्षकार

कायद्याने हक्क देणे ही एक गोष्ट आणि तो हक्क पदरात पडणे ही दुसरी. या दोहोंमधील अंतर ओलांडण्यास विश्वासाचा वकील लागतो. शतकापूर्वीच्या पडदानशीन स्त्रीला तो मिळणे जवळजवळ अशक्य होते. ही अडचण दूर करण्यासाठी जिने आयुष्य वेचले, ती कॉर्नेलिया सोराबजी जन्माने नाशिकची होती, याचे स्मरण महाराष्ट्राला क्वचितच होते.

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १८६६ सालचा. वडील पारशी समाजातून ख्रिस्ती झालेले. आई पुण्यात शाळा चालवीत असे. डेक्कन कॉलेजात शिकून मुंबई विद्यापीठाच्या त्या पहिल्या स्त्री पदवीधर झाल्या. गुणानुक्रमाने विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्याकडे यावयाची, ती केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली. हितचिंतकांच्या मदतीने १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची परीक्षा देणारी पहिली स्त्री ठरल्या. पदवी मात्र हाती पडली ती १९२२ साली, तब्बल ३० वर्षांनी!

मायदेशी परतल्यावर त्यांच्या नजरेस आली ती जमीनदार घराण्यांतील विधवांची असहायता. परपुरुषासमोर जाणे निषिद्ध, आणि वकील तर सारे पुरुष. साहजिकच बाईची कैफियत वकिलाच्या कानी जाई ती कारभाऱ्याच्या अथवा भाऊबंदाच्या मुखाने. आणि पुष्कळदा तक्रार असे ती नेमकी त्याच्याचविरुद्ध! वारसा, पोटगी, दत्तकविधान, अज्ञान मुलांचे पालकत्व असे जिव्हाळ्याचे प्रश्न परस्पर निकालात निघत.

बाईंनी १८९७ साली मुंबईची आणि १८९९ साली अलाहाबादची कायद्याची परीक्षा दिली. तरी वकिलीचे दार बंदच राहिले. अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना स्त्री सल्लागार नेमले. पुढील सुमारे २० वर्षांत बंगाल, बिहार, ओरिसा व आसामात फिरून त्यांनी ६००हून अधिक स्त्रियांना व अनाथ मुलांना साहाय्य केले. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली, तेव्हा त्या साठीच्या उंबरठ्यावर होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी कलकत्ता उच्च न्यायालयात वकिली सुरू केली.

त्यांचे राजकारण मात्र लोकप्रवाहाच्या उलटे होते. ब्रिटिश राजवटीवर त्यांची निष्ठा होती. गांधीजींना त्यांनी विरोध केला. म्हणूनच १९५४ साली लंडनमध्ये झालेल्या त्यांच्या निधनानंतर येथे त्यांचे विस्मरण झाले. मतभेद असावेत; परंतु त्यापायी कार्याचे मोल नाकारणे न्याय्य नव्हे.

आज पडदा बव्हंशी गेला आहे. १९८४ च्या कायद्याने कुटुंब न्यायालयांची वाट मोकळी झाली. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी अर्ज करावयाचा तो जिल्हा प्राधिकरणाकडे वा तालुका समितीकडे. तथापि घटस्फोट वा पोटगीच्या दाव्यात वकील ठरवणे, त्याच्याशी बोलणे, फी ठरवणे हे सारे आजही कित्येक घरांत वडील वा भाऊच उरकतात आणि वकीलपत्रावर सही तेवढी तिची असते. आपल्या वकिलाशी प्रत्यक्ष बोलावे, त्याने असे दावे चालवले आहेत काय हे विचारावे आणि कागद समजल्यावाचून सही करू नये, एवढा निर्धार प्रत्येक स्त्रीने केला, तर कॉर्नेलियाबाईंचे अपुरे कार्य पुढे जाईल.