अहिंसेचे धैर्य : नारायण नागू पाटील

सर्वज्ञ श्रीचक्रधर प्रभूंनी निरूपिलेल्या आचारधर्मात अहिंसेचे स्थान अग्रगण्य आहे. परंतु अन्याय मुकाट्याने सोसणे म्हणजेच अहिंसा, असा समज कित्येक वासनिकांच्या मनात रुजलेला असतो. भय हाही जीवाचा विकारच होय. त्या विकारापोटी उपजलेली स्वस्थता अहिंसा ठरत नाही. हा भेद नारायण नागू पाटील यांच्या चरित्रावरून स्पष्ट होतो.

त्यांचा जन्म 1892 साली अलिबाग तालुक्यात, खारेपाटात झाला. बांध घालून खाडीचे पाणी अडवावे, तेव्हा कोठे तेथे भात पिकावे, अशी ती भूमी. बांधाची माती कुळाने वाहावी, उधाणात खांड पडली तर चिखलात उभे राहून त्यानेच ती बुजवावी. पीक मात्र बव्हंशी खोताच्या घरी जावे. शिवाय वेठबिगार होतीच. पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आल्याने कुळे त्याला प्रारब्ध मानू लागली होती.

नारायण नागूंनी गावोगाव हिंडून त्यांच्या मनातील ही समजूत घालविली. 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी येथे शेतकऱ्यांची सभा भरली आणि संपाचा निर्धार झाला. चरी व आसपासच्या 25 गावांतील कुळांनी खोतांची शेते कसणे सोडले. शस्त्र कोणते, तर खाली ठेवलेला नांगर! परंतु त्या शस्त्राचा घाव प्रथम स्वतःच्याच चुलीवर पडत होता. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून कुटुंबे जगली. 1934 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले आणि त्यांनी शेतकऱ्यांना धीर दिला. 1937 साली नारायण नागूंनी 'कृषीवल' पत्र काढून त्यांच्या दुःखाला वाचा दिली.

संप सुमारे सहा वर्षे टिकला. 1939 साली कूळकायदा झाला. पुढे खोतीही कायद्याने गेली. 1968 साली नारायण नागू निवर्तले.

दुसऱ्यास पीडा न देणे हे अहिंसेचे एक अंग. पीडा देणाऱ्याच्या कर्मास आपला हात न लावणे हे दुसरे. पहिले अंग दुर्बलही पाळल्यासारखे दाखवू शकतो. दुसऱ्यास मात्र उपवास सोसण्याची तयारी लागते. खारेपाटातील कुळांनी ती सहा वर्षे दाखविली. संसारात राहून धर्म आचरू पाहणाऱ्या वासनिकाने आपली शांतता विवेकातून आली की भयातून, हे स्वतःशी वारंवार तपासावे.