पहिलं पाऊल टाकणाऱ्या कमलाबाई

आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात मुली, सुना, आज्यासुद्धा हौसेने नाटकात कामं करतात. ते बघताना मला हटकून कमलाबाई गोखले आठवतात.

कमलाबाईंचा जन्म १९०० सालचा. आई दुर्गाबाई कामत नाटकात कामं करायच्या, त्यामुळे लेकही लहानपणीच रंगमंचावर आली. तेव्हा बाईने तोंडाला रंग लावणं कमीपणाचं समजलं जाई. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामतीसुद्धा साळुंके नावाच्या पुरुषानेच रंगवली! पण त्याच वर्षी, १९१३ मध्ये, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये या मायलेकी कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. आई पार्वती, लेक मोहिनी.

पुढे रघुनाथराव गोखल्यांशी लग्न झालं. चित्ताकर्षक नाटक मंडळी ही सासरचीच कंपनी. पण रघुनाथराव अकाली गेले आणि तीन मुलांचा भार एकट्या कमलाबाईंवर पडला. त्यांनी काम सोडलं नाही. नाटकात पुरुषांच्याही भूमिका केल्या, बोलपटातही कामं केली. मुलांना वाढवलं, तेही कलेतच. चंद्रकांत गोखले नामवंत नट झाले, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात रमले. नातू विक्रम गोखले तर आपल्या सर्वांच्या ओळखीचे.

आपल्या पुण्यातच कमलाबाई गेल्या. यंदा नाटकाचा पडदा उघडण्याआधी, नटराजाच्या पूजेच्या वेळी, त्यांचीही आठवण काढूया ना!