संत झेली मार्टिन : चार मुले गमावलेली आई



घरभेटीला गेल्यावर आम्हांला कधी कधी एखादी गरोदर बहीण भेटते. घरात आनंद असतो, सासूबाई कौतुकाने बोलत असतात, पण ती स्वतः गप्प असते. आम्ही निघताना ती हळूच सांगते की मागच्या वेळी बाळ राहिले नाही आणि या वेळीही तसेच होईल या धास्तीने तिला झोप लागत नाही. मग ती विचारते की एवढी भीती वाटते म्हणजे आपला देवावरचा विश्वास कमी पडतो काय? या प्रश्नाचे उत्तर आम्हांला एका संत मातेच्या जीवनात सापडते. बाळ येशूची संत तेरेजा, जिला आपण लिटल फ्लॉवर म्हणतो, तिची ही आई.

झेलीचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतात एका सैनिकाच्या घरी झाला. तरुणपणी तिला धर्मभगिनी व्हायचे होते, परंतु मठात प्रवेश मिळाला नाही. तेव्हा तिने अलांसों या शहराची प्रसिद्ध लेस विणण्याचा व्यवसाय सुरू केला आणि पुढे अनेक स्त्रियांना काम दिले. १३ जुलै १८५८ रोजी लुई मार्टिन या घड्याळे बनविणाऱ्या सात्त्विक तरुणाशी तिचा विवाह झाला. १८६० ते १८७३ या काळात त्यांना नऊ मुले झाली.

पहिल्या चार मुली सुखरूप जन्मल्या. नंतर १८६६ साली मुलगा झाला. त्याचे नाव जोसेफ ठेवले. तो पाच महिन्यांचा असताना वारला. पुढच्या वर्षी दुसरा मुलगा झाला. त्याचेही नाव जोसेफ ठेवले. तो ऑगस्ट १८६८ मध्ये, आठ महिन्यांचा असताना गेला. दहा दिवसांनी झेलीचे वडीलही वारले. त्या वेळी ती पुन्हा गरोदर होती.

हे गरोदरपण कसे गेले ते तिच्या पत्रांवरून कळते. तिची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत तिने आपली भीती लपविलेली नाही. हेही बाळ हातचे जाईल या विचाराने ती व्याकूळ होत असे. देवाला तेही न्यायचे असेल तर निदान बाप्तिस्मा झाल्याशिवाय ते जाऊ नये, एवढेच ती मागत होती. एप्रिल १८६९ मध्ये सेलिनचा जन्म झाला आणि ती जगली.

पण परीक्षा संपली नव्हती. फेब्रुवारी १८७० मध्ये पाच वर्षांची एलेन वारली. तेव्हाही झेलीच्या पोटात बाळ होते. ऑगस्टमध्ये मेलानी जन्मली. झेलीला स्वतःचे दूध पाजणे जमत नव्हते, म्हणून बाळाला शहरातल्या एका दूधआईकडे ठेवले. त्या बाईने बाळाला नीट पाजले नाही. झेलीच्या हे लक्षात येऊन तिने बाळाला घरी आणले, तोवर उशीर झाला होता. ८ ऑक्टोबर १८७० रोजी मेलानी गेली. ज्या आईने स्वतः ती दूधआई निवडली, तिच्या मनाला काय यातना झाल्या असतील!

ऑक्टोबर १८७१ मध्ये झेलीच्या भावजयीला मृत बाळ झाले. झेलीने तिला धीर देणारे पत्र लिहिले. तिने त्यात कळविले की आपल्यालाही लोक सांगत असत, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. ते बोलणे तिला सहन होत नसे. मुलांसाठी सोसलेले कष्ट आणि त्यांचे स्वर्गातले अखंड सुख यांची तुलना होऊ शकत नाही, आणि ती पुन्हा भेटणार आहेत, अशी तिची श्रद्धा होती. गेलेल्या मुलांना ती कुटुंबातून वजा करीत नसे. त्यांच्याकडे ती मध्यस्थीची विनंतीही करीत असे.

१८७२ साली, वयाच्या चाळिशीत, तिला पुन्हा दिवस गेले. वय झालेले, छातीत जुनी गाठ, आणि मागे चार लहान मुलांचे मरण. तिला भीती वाटली, आणि आनंदही वाटला, कारण मुलांचे तिला वेड होते. तिने काय केले? रोज पवित्र मिस्साला जाणे सोडले नाही. मनातले सारे भावाला, भावजयीला आणि धर्मभगिनी असलेल्या बहिणीला लिहून कळविले. बाळ येण्यापूर्वीच चांगल्या दूधआईचा शोध सुरू केला. ती गाणेही म्हणत असे, आणि पोटातले बाळ आपल्याबरोबर गाते आहे असे तिला वाटे.

२ जानेवारी १८७३ रोजी तेरेजा जन्मली. दोन महिन्यांतच ती इतकी आजारी पडली की डॉक्टरांनी सांगितले, हिला अंगावरचे दूध हवेच. लुई बाहेरगावी होता. झेली पहाटे एकटीच सुमारे आठ किलोमीटर चालत सेमाले गावी गेली आणि रोझ नावाच्या ओळखीच्या शेतकरणीला घेऊन आली. बाळाकडे पाहून रोझने आशा सोडली. झेली वरच्या खोलीत जाऊन संत योसेफाच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकून रडली. खाली आली तेव्हा बाळ दूध पीत होते. नंतर ते निपचित पडले, पण पाव तासाने डोळे उघडून हसले. पुढे वर्षभर तेरेजा रोझच्या घरी वाढली.

झेली २८ ऑगस्ट १८७७ रोजी स्तनाच्या कर्करोगाने प्रभुघरी गेली. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिला आणि लुईला एकत्र संत घोषित केले. त्यासाठी मान्य झालेले दोन्ही चमत्कार नवजात बाळांच्या बरे होण्याचे आहेत, एक इटलीतला आणि एक स्पेनमधला.

बहिणींनो, झेलीची मुले जन्मल्यानंतर गेली, तुमच्यापैकी कोणाचे बाळ जन्मापूर्वी गेले असेल. पण पुढच्या बाळाच्या वेळची धास्ती तीच. एवढी भीती वाटूनही झेली संत झाली. म्हणून भीतीला पाप समजू नका. ती मनात दाबू नका, तर पतीला सांगा, आईला सांगा, डॉक्टरांना सांगा. पहिल्या महिन्यांतले बहुतेक गर्भपात बाळाच्या गुणसूत्रांतील दोषामुळे होतात, आईच्या चुकीमुळे नव्हे, आणि एकदा गर्भपात झालेल्या बहुतेक स्त्रियांना पुढे सुखरूप मूल होते. झोप व जेवण उडाले असेल तर त्यावरही उपचार आहेत. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बाळांना ख्रिस्तसभा देवाच्या दयेवर सोपविते. त्यांच्या तारणाची आशा धरण्यास भक्कम आधार आहे, असे आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही २००७ साली म्हटले आहे.

आणि घरच्यांना आमची विनंती आहे. झाले गेले विसर, असे तिला सांगू नका. तिच्याजवळ बसा, तिचे ऐका, तपासणीला तिच्याबरोबर जा. गेलेल्या बाळासाठी मिस्सा अर्पण करायची असल्यास संकोच न करता आमच्याकडे या.

दरवर्षी १२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत लुई व संत झेली यांचे स्मरण करते. आपल्या धर्मग्रामातील सर्व गरोदर मातांसाठी आपण आजपासूनच त्यांची मध्यस्थी मागू या.