राजाच्या नावाने जपलेल्या डब्या-पेट्या

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे संस्थापक दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. व्यवसाय चष्म्यांचा, ओढा मात्र कवितेकडे. ‘अज्ञातवासी’ या टोपणनावाने ते काव्यलेखन करीत. १९२०च्या सुमारास जुन्या वस्तू जमविण्याचा नाद लागला आणि पुढे तोच त्यांचा जन्माचा उद्योग ठरला.

त्याच वर्षी इंग्लंडमधील लिव्हरपूल येथे फ्रँक हॉर्नबी यांनी चावीवर चालणाऱ्या खेळण्यातील आगगाड्या बाजारात आणल्या. मुलांनी गाड्या ठेवल्या, खोकी फाडून टाकली. आज मूळ खोक्यासह मिळालेल्या गाडीला संग्राहक नुसत्या गाडीपेक्षा अधिक किंमत मोजतात. वस्तू टिकते, तिचे घर टिकत नाही, ही अडचण केळकरांपुढेही होतीच. त्यांनी राजेरजवाड्यांच्या दागिन्यांपेक्षा सामान्यांच्या घरातील दिवे, अडकित्ते, दौती, वज्री, खेळणी व पानाचे डबे वेचले. चुना, कात, सुपारी, लवंग यांची खणवार सोय असलेला पानाचा डबा गमावला, तर नुसत्या अडकित्त्यावरून पानसुपारीची बैठक कशी समजणार? बिजागरी निखळलेला डबा घरच्यांच्या लेखी मोडच असतो. नागपूरलगतच्या वाडीसारख्या झपाट्याने वाढलेल्या वस्त्यांतही जुने घर पाडताना माळ्यावरचे सामान प्रथम भंगारात जाते.

या छंदाला एका दुःखाची किनार आहे. केळकरांचा मुलगा राजा वयाच्या अवघ्या सातव्या वर्षी गेला. त्याच्या स्मृतीसाठी त्यांनी संग्रहाला त्याचे नाव दिले. पत्नी कमलाबाई यांची या कामात त्यांना मोलाची साथ लाभली. गावोगाव हिंडून आणलेल्या वस्तूंनी राहते घर भरत गेले. घरात संसार किती आणि संग्रह किती, असा प्रश्न पाहुण्यांना पडला असल्यास नवल नाही. कोथरूड येथील मस्तानी महालाचे अवशेष आणून तो महाल त्यांनी संग्रहालयात पुन्हा उभा केला, हे त्यांच्या धडाडीचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

एवढा खटाटोप करून जमविलेली ही संपत्ती विकून त्यांना सुखाने राहता आले असते. पण त्यांनी सारा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. मुलाच्या नावाची वस्तू विकावयाची कशी, हा विचार त्यामागे असावा.

१७ एप्रिल १९९० रोजी केळकर यांचे निधन झाले. त्यांच्या संग्रहात वीस हजारांहून अधिक वस्तू असून, बाजीराव रस्त्यालगतच्या नातूबागेतील इमारतीत त्यांपैकी सुमारे अडीच हजारच मांडता आल्या. उरलेल्या जागेअभावी कोठारात बंद राहिल्या.